आत्याची आगाऊ प्रतिकारशक्ती

४ मे, रविवार

मुलगी! दुपारी सव्वाबाराला. उन्मेषचं बाळ. एक्केचाळिसाव्या वर्षी मी आत्या झाले — एकदाची!

हॉस्पिटलात पाळण्यावर वाकले तोच वहिनीची, म्हणजे श्रीनिधीची, आई मध्ये आली. "विद्युलता, आपले हात पहा आधीं. लेकरास लावूं नोको."

पाहिले. कोपरापासून बोटांपर्यंत लाल, सोललेले. इसब आहे, देवी नव्हेत! पण कनकामामींना कोण सांगणार? त्यांची मराठी तंजावरची. तीनशे वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात आली ती तिथेच थांबली. त्या ओरडल्या की एखादी बखर अंगावर आल्यासारखी वाटते.

८ मे, गुरुवार

बाळ आमच्या घरी आलं, सोबत मामीही मुक्कामाला. माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर. बादली वेगळी. पेला वेगळा, त्यावर लाल दोरा. पाळणा हॉलमधल्या पंख्याच्या पलीकडे, तिकडे मी जायचं नाही.

उन्मेष म्हणतो, "ताई, महिनाभर सांभाळून घे ना." हा ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात दीडशे माणसांवर ओरडतो म्हणे. घरी सासू समोर आली की गोगलगाय.

आईचा साताऱ्याहून फोन. गुडघ्यांमुळे ती येणार नाही. बारसं आठ जूनला, आपल्या पद्धतीनं. "नाव आत्यानंच ठेवायचं. कानात कुर्र तूच करायचंस. दुसऱ्या कुणी केलं तर मी पाणीसुद्धा पिणार नाही."

म्हणजे माझ्या हातात एक महिना. आठ जूनला हात स्वच्छ हवेत. पोरीला घ्यायचं आहे मला. एवढंच हवंय, बाकी काही नको.

९ मे, शुक्रवार

सगळ्यांचं एकमत — माझी प्रतिकारशक्ती कमी आहे. म्हणून सकाळी आईनं पाठवलेली गुळवेल. दुपारी बँकेतल्या वेंकटनं दिलेल्या शेवग्याच्या पाल्याच्या गोळ्या. संध्याकाळी मामींचं निलवेंबू कशाय — असा काढा, ज्याच्यापुढे कारलं म्हणजे श्रीखंड. वर औषधाच्या दुकानातून मीच आणलेली खाजेची ट्यूब आहेच. बँकेच्या आमच्या ताम्बरम शाखेत आता माझ्याइतकी प्रतिकारशक्ती कुणाकडे नसेल. खाज मात्र तशीच.

१३ मे, मंगळवार

शेवटी अड्यारला त्वचेच्या डॉक्टरकडे. डॉ. संयुक्ता. पोरगेलीशी आहे, पण नजर आमच्या ऑडिटरसारखी. मी गुळवेल, शेवगा, कशाय सगळं अभिमानानं सांगितलं.

"तुमची प्रतिकारशक्ती कमी नाहीये," ती म्हणाली. "आगाऊ आहे."

त्वचेची भिंत माझी मुळात कच्ची. ओल टिकत नाही, बाहेरचं आत शिरतं. धूळ, साबण, घाम — काहीही आलं की आतले पहारेकरी शिट्ट्या फुंकतात. शत्रू नसताना युद्ध! त्यातून सूज, सुजेतून खाज. खाजवलं की भिंत आणखी पडते, की पुन्हा शिट्ट्या. आमच्या सोसायटीचा वॉचमन असाच. दूधवाल्याला अडवतो, आणि चोर बाइक घेऊन गेला तेव्हा त्याला फाटक उघडून दिलं.

मग तिनं ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पाच औषधं एकाच ट्यूबमध्ये! जोरदार स्टिरॉइड आहे यात. स्वतःच्या मनानं किती दिवस? पाच महिने?"

"सहा," मी म्हटलं. खोटं का बोला?

ट्यूब बंद. ठरावीक ताकदीचं मलम, ठरावीक दिवस, तिच्या सांगण्यानं. मग दुसरं, स्टिरॉइड नसलेलं — सुरुवातीला चुरचुरेल म्हणाली. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाडं क्रीम, रोज, न चुकता. काढे बंद. एवढ्यानं नाही भागलं तर इंजेक्शन आहे, फक्त त्या शिट्ट्या वाजवणाऱ्यांना गप्प करणारं.

मी विचारलं, "बाळाला लागेल का?"

"नाही. इसब लागत नाही. हात धुवा आणि घ्या तिला."

मला एकदम रडूच आलं. अड्यारला, अनोळखी बाईसमोर! तिनं टिश्यू दिला आणि म्हणाली, डोळे चोळू नका.

तमिळमध्ये चिठ्ठी लिहून घेतली — हा रोग संसर्गाचा नाही. खाली सही, शिक्का.

१४ मे, बुधवार

मामींनी चिठ्ठी दोनदा वाचली. घडी घातली. देवाच्या फोटोमागे ठेवली.

"सरी, बरें. पण लेकरास लावूं नोको."

१८ मे, रविवार

ट्यूब सोडली तर इसब दुप्पट उसळलं! डॉक्टरनं बजावलं होतं, तरी घाबरले. पाठीवरही आलंय. भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत होते, तर श्रीनिधी दारात. बिचारी हसावं की रडावं अशी उभी. म्हणाली, "ताई, मला तुमची भीती नाही वाटत. पण अम्मा..." बाळंतीण आहे, तिला कशाला मध्ये ओढू?

बाळाचं एक मात्र बरं आहे. पंख्याच्या अलीकडून बोलले तरी माझ्याकडे बघतं.

२७ मे, मंगळवार

कोपरं फिकी पडली!! बोटांवर नवी कातडी. तीनदा डॉक्टरला फोटो पाठवले. चौथ्यांदा तिनं लिहिलं, "छान. पुरे."

मामी दिवसभर हुकूम सोडत असतात. बाळाला त्या पाप्पा म्हणतात. "उन्मेष, पाप्पास घ्या." "श्रीनिधी, पाप्पा रडते कीं." त्यांच्या हुकमाला सगळे धावतात, मी सोडून. मला हुकूमच नाही.

५ जून, गुरुवार

हात जवळजवळ साफ. भव्या नाव ठरलं. आज मी एकटीच उशीच्या कानात तीनदा कुर्र करून पाहिलं. कुर्र करताना बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, त्याचीही मी वाट बघतेय. पाठ अजून खाजते!

६ जून, शुक्रवार

मूर्खपणा. निव्वळ मूर्खपणा! बारशाची जरीची साडी आणि मोगऱ्याचा गजरा आजच घालून पाहिला. एक तास, आरशासमोर, घामाच्या धारांत. संध्याकाळी मान लालबुंद.

मामींनी लांबूनच पाहिलं. नुसती मान हलवली.

८ जून, रविवार

झालं बारसं. लाल मानेपायी मी बाल्कनीत होते.

तोडगा उन्मेषचा. इंजिनियर ना! फोन स्पीकरवर ठेवून पाळण्यात बाळाच्या कानाशी, आणि आत्या बाल्कनीतून कुर्र करणार. साताऱ्याला आई व्हिडिओवर, तिलाही तेच सांगितलं — नाव आत्याच ठेवतेय. आई पाणी प्यायली.

मी म्हटलं, "कुर्र, भव्या!" आतून उन्मेषचा आवाज — "ताई, ऐकू येईना!" पुन्हा म्हटलं. रेंज गेली. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात ओरडले की खालच्या वॉचमननं शिट्टी फुंकली. समोरच्या गच्चीवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. बाळ झोपलेलंच होतं म्हणे.

धपाटे कुणी घातले नाहीत. घालणार कोण? मी बाल्कनीच्या कठड्याला पाठ टेकली आणि मनसोक्त खाजवून घेतली. हसलेसुद्धा. मग हसू थांबलं, आणि मी साडी बदलायला गेले.

९ जून, सोमवार

दुपारी मामी माझ्या खोलीत आल्या. दार लावलं. पोलक्याची लांब बाही वर सरकवली.

माझंच इसब. फक्त जुनं, काळवंडलेलं, चामड्यासारखं जाड.

"श्रीनिधी झाली तेव्हां सासूनं चाळीस दिवस लेकरास हात लावूं दिला नाहीं. मग माझें मलाच भय बसलें. भव्येसही मी अजून उचललें नाहीं. कोणास कळलें काय?"

मी एकेक दिवस आठवून पाहिला. एकदाही नाही. "उन्मेष घ्या, श्रीनिधी घे." आम्हाला तो हुकूम वाटायचा.

"ती डॉक्टर म्हाताऱ्या बायांस पाहते कीं?"

मी उठले. हात धुतले. पंख्याच्या पलीकडे गेले, भव्याला पाळण्यातून उचललं, आणि आणून मामींच्या मांडीवर ठेवलं. कुणाला विचारलं नाही.