काळ्या कागदातली नळी

आप्पा, आज बी.एस्सी.च्या मुलींना तुमचाच प्रयोग दाखवला. हेक्झेनमध्ये ब्रोमिन घातलेल्या दोन परीक्षानळ्या; एक खिडकीतल्या उन्हात, दुसरी काळ्या कागदात गुंडाळलेली. उन्हातलीचा तांबूस रंग बघता बघता उडून ती पाण्यासारखी झाली, कागदातलीचा तसाच राहिला. उजेडानं ब्रोमिनचा रेणू फुटतो, फ्री रॅडिकल तयार होतात, आणि एकदा सुरू झालं की साखळी आपली आपण पुढं जाते. हे मी आता झोपेतही सांगेन. पण कागदावरचा दोरा सोडताना माझे हात अजून अडखळतात.

तुम्ही कॉलेजात लॅब अटेंडंट होता आणि मी तिथंच पहिल्या वर्षाला. वडगावातल्या आपल्या मागावरचं सूत तुम्ही खिशातून आणायचात आणि त्या कागदावर सुरगाठ मारायचात, सरांना एका ओढीत सुटावी म्हणून. त्या दिवशी सर आणि बाकीचा वर्ग यायच्या आधी तुम्ही स्टोअरमध्ये गेला होता. नुसत्या अंधारानं रंग टिकतो, यावर माझा विश्वास बसेना. मी कागद उघडला, नळी खिडकीशी धरली, आणि तो तांबूस रंग माझ्या हातातच विरत गेला. घाबरून पुन्हा गुंडाळली. बोटांनी सवयीनं विणकराची गाठ मारली, तुटलेला धागा जोडताना आपण मारतो ती.

सरांना ती सुटेना. तुम्ही कात्री घेऊन पुढं येता, गाठीकडं बघता, जरा थांबता, मग कापता. नळीत रंगाचा टिपूस नाही.

"काय हो, इतकी वर्षं झाली, साधा कागद गुंडाळता येत नाही?" सर भडकले. वर्ग हसला.

"चुकलं सर. माझ्याकडनंच झालं," तुम्ही म्हणालात.

संध्याकाळी माग थांबवून आईनं ताटं वाढली. माझी मान वर होईना. तुम्ही भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणालात, "गाठ झ्याक बसतीया गं आता तुझी." आईला वाटलं, मागाचंच काहीतरी चाललंय.

पोरगी सरांना भ्याली, असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही जाईपर्यंत मीही ते तसंच वाटू दिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आज लिहिते. सरांची भीती नव्हती, आप्पा. मी उठून कबूल केलं असतं तर तुम्ही मधे पडून "माझी पोरगी हाय सर, जाऊ द्या" म्हणाला असता. आणि तुम्ही माझे वडील आहात, हे मी वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं.