आबाच्या गाण्याचे दोन आवाज

३ फेब्रुवारी, सुरत
शेठनं आज झापलं. लग्नाचा व्हिडिओ घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत आलं. टीव्हीवर आवाज येतो, चित्र काळं. मी म्हणलं, इथं तर चालत होता. शेठ म्हणला, "अपना कंप्यूटर सब खाता है. पार्टी का टीवी नहीं खाता."
मग समजावलं. फाईलच्या नावाचं शेपूट, एमपी४ म्हणा की एमओव्ही, ते नुसतं भांडं. आत चित्र एका रीतीनं दाबलेलं, आवाज दुसऱ्या. त्या रीतीला कोडेक म्हणायचं. ती टीव्हीला येत नसली की संपलं.
शेठ डबा म्हणतो. मला पोतं बरं वाटतं. आमच्या घरी युरियाच्या पोत्यात ज्वारी असायची. छापलेलं कोण वाचतंय, आई हात घालून बघायची.

७ फेब्रु.
आईचा फोन. सोळा तारखेला आबाला जाऊन वर्ष होतंय. धर्मापुरीच्या विहारात कार्यक्रम. "येतू का?" त्याच दिवशी शेठकडं मोठ्या लग्नाचं शूटिंग. सुट्टी नाही. आईला तसं सांगितलं. मग म्हणली, "आबाचं गाणं तरी धाड. टीव्हीवर लावू. समदे बगतेन."
आबानं, माझ्या बापानं, स्वतः बांधलेलं गाणं. जन्मभर गायला, पण रेकॉर्ड एवढंच, सोनीनं मोबाईलवर काढलेलं. धाकटी बहीण असून तिला सुचलं. मला नाही.
हॉटेल सोडलं, टेम्पो सोडला, साडीचा कारखाना सोडला. गावात म्हणतात हा कुठं टिकत नाही. माझ्या हातचं काम गाव पहिल्यांदा बघणार.

१० फेब्रु.
गाणं कापून-जोडून झालं. दुसऱ्या कडव्याआधी आबा खोकतो, मग स्वतःच हसतो. ते काढलं. मग परत घातलं.
चित्राला एच२६४, ती रीत जुन्या टीव्हीलाही येते. आवाजाला सगळ्यात भारी, अजिबात न दाबलेला. आबाचा आवाज कावून दाबायचा? तो फक्त एमओव्हीत निघत होता. विहाराचा टीव्ही सच्या बघतो, माझ्या वर्गातला. तो म्हणला, "आपला टीव्ही एमपी४च घेतो बे." मग फाईलचं नाव बदललं, शेपूट एमपी४ केलं. इथं चाललं, मोबाईलवर चाललं. लिंक पाठवली. सच्यानं पेन ड्राईव्हवर घेतलं.
लई बरं वाटलं आज.

१६ फेब्रु.
कॅमेरा धरून नवरदेवापुढं उलटा चालत होतो. सच्याचा फोन. "चित्र हाय, आवाज न्हाई बे. आबा नुसतं तोंड हालवायलाय. काय करू? समदे बसलेत."
इथं बँड. मला माझंच ऐकू येईना. आवाज वाढव म्हणलं. येड्यासारखं. फोन कटला. परत लावायची हिंमत झाली नाही.

१७ फेब्रु.
कळलं. पोत्यावरचं नाव बदललं, आतला माल तोच राहिला. त्या टीव्हीला न दाबलेला आवाज येतच नाही. चांगलं द्यायच्या नादात.
दुपारी आईला लावला. रागावंल वाटलं. तर म्हणली, "चांगलं झालं की रं."
त्रिशरण-पंचशील झालं, टीव्ही लावला, आबा मुका. पोरं हसली म्हणे. मग आईनं आबाच्या तोंडाकडं बघून गाणं उचललं. मागून बाया, मग माणसं. गाणं सगळ्यांना पाठ. "खोकला आला तितं समदे थांबले बग. त्यो हसला, आमीबी हसलो. मंग फुडं."
सच्या म्हणला, "तुझ्या बिघाडानं गाव गायला लावलं बे. फुडच्या टायमालाबी असंच बिघडून धाड."
हसलो. पण आवाज पोचला नाही तो नाहीच.

१९ फेब्रु.
नीट काढलं. आवाज एएसीमध्ये, ही रीत जुन्या टीव्हीला येते, एमपी४ खरंच एमपी४. शेठच्या घरी जुना टीव्ही आहे, त्यावर लावून बघितलं. हात घालून बघणं म्हणजे हेच. आबा गायला. शेठची बायको दारात येऊन उभी राहिली, एक शब्द कळत नसताना.
सोनीनं त्या दिवशीचं विहारातलं गाणं मोबाईलवर घेतलेलं, ते आलं. त्यातला विहाराचा आवाज आबाच्या आवाजाखाली लावला. आबा पुढं, गाव अर्धा श्वास मागं. खोकल्यापाशी दोन्ही बरोबर थांबतात.
शेठला विचारलं. एका फाईलीत दोन आवाज बसतात, वेगवेगळे. पण असला जुना टीव्ही त्यातला पहिलाच वाजवतो.

२१ फेब्रु.
आईला विचारलं, पहिला कोणता ठेवू? आबाचा का तुमचा?
म्हणली, "त्येच राहू दे. बिनआवाजाचं. फुडच्या वर्सालाबी आमी म्हणू."
म्हणलं, आणि आबाचा आवाज?
"त्यो तू घिऊन ये."
फाईल तयार आहे. पेन ड्राईव्ह खिशात. शेठ आज पुढच्या सालच्या लग्नांच्या तारखा बोलत होता. सोळा फेब्रुवारी आली तेव्हा सुट्टी मागायला मी तोंड उघडलं, पण टीव्हीवरच्या आबासारखं नुसतं तोंडच हाललं.