दुसरा पाला

९ जानेवारी

कॅन्सरच. डाव्या गालाच्या आत. तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आज आला.

मी तेव्हा प्रयोगशाळेत होते. काय करत होते? तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवून त्यांच्यावर पाल्याचा अर्क टाकत होते! माझं कामच ते. मेल्या की नाही, मोजायच्या. फोन आला तेव्हा हातात हातमोजे होते, घेता आला नाही. मग बाहेर येऊन पाहिला, तर नवऱ्याचा मेसेज — "तुझ्याच खात्यातलं निघालं बघ."

असली चेष्टा सुचते तरी कशी या माणसाला!

घरी येऊन रडले नाही. ओरडले. तंबाखू सोडली त्यालाही जमाना झाला, आता कसली शिक्षा ही? तो म्हणाला, "मला काय विचारतेस, गालाला विचार."

१४ जानेवारी

सर्जनकडे एकटाच जाऊन आला. मला निघताच येईना, पेशींना खाणं घालायचा दिवस होता. आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "अर्धा गाल नि जबड्याचा तुकडा काढायचा म्हणतायत. मी म्हटलं, विचार करून सांगतो."

विचार! यात विचार कसला करायचा?

पण कळतं मला. हा आमच्या प्रयोगशाळेच्याच इमारतीत तळमजल्यावर काचकाम करतो. ज्योतीवर काचेची नळी फिरवत राहायची, तिच्या दुसऱ्या टोकाची रबरी नळी दातात धरायची, आणि नेमकी फुंकर मारून काच फुगवायची. आमच्या प्रयोगशाळेतले चंबू, वाकड्या नळ्या, माझा तो अर्क गाळायचा लांबलचक प्रकार — सगळं त्याच्या गालांतून निघालंय. आमची ओळखसुद्धा मी चंबू फोडला म्हणून झाली. गाल गेला की ते काम संपलं. कळतं मला. तरी गाल गेला तर गेला. मला तो हवाय.

"आणि स्कॅनचे कागद?"

"राहिले त्यांच्याकडेच."

वेंधळा कुठला.

१५ जानेवारी

आता खरं कारण बाहेर आलं. जेवताना म्हणे — "तुझं औषध आहे की. तेवढं होऊ दे, मग बघू."

मी ताट सरकवून ठेवलं. म्हटलं, ते औषध नाहीये! पाल्याच्या अर्काची पिवळी पूड आहे. बशीतल्या पेशी मीठ टाकलं तरी मरतात. फिनेल टाकलं तरी मरतात. पिशील का फिनेल? बशीला ना पोट असतं ना यकृत. माणसाच्या अंगात ती पूड गालापर्यंत पोचणार कशी, पोचली तर बाकी काय काय जाळणार, कुणाला माहीत? अशी पानं शेकड्यांनी येतात, बशीत वाघ असतात आणि पुढे उंदरावरच गारद होतात.

तो ऐकत होता, मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, "पण आज किती मेल्या?"

१६ जानेवारी

बोलत नाही त्याच्याशी.

१७ जानेवारी

बोलले. राहवेना.

२ फेब्रुवारी

वन्सं आल्या, पेपरातलं कात्रण घेऊन. कुठल्याशा झाडाच्या सालीने कुणाचा तरी कॅन्सर पळाला म्हणे. "अगं, तू घरातली तज्ज्ञ. तुझंच औषध तुझ्या नवऱ्याला द्यायला तुझं काय जातंय?" डोकंच फिरलं. मी असं काही सुनावलं की त्यांचा चहा निवला. त्या मात्र चिडल्या नाहीत. जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "भांडतेयस ना, मग ठीक आहेस. तुझी आई गेली तेव्हा तू तोंड मिटून बसली होतीस — ना बोलणं, ना जेवण. सलाईन लावायची वेळ आली होती."

आतून तो ओरडला, "म्हणून तर मी तिला शांत बसू देत नाही!"

हसलो तिघंही. बऱ्याच दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

आज रजा टाकून त्याच्याबरोबर सर्जनकडे गेलेच. सरळ विचारलं, अजून किती थांबायचं यांनी? तुम्ही जरा दटावा ना! सर्जनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत म्हणाले, "त्यांच्या मनाप्रमाणे होऊ दे."

हे डॉक्टर! पेशंटच्या मनाप्रमाणे! उद्या तो म्हणाला गच्चीवरून उडी मारतो, तर म्हणतील मारू दे. बाहेर येऊन व्हरांड्यातच भांडले मी. लोक बघत होते. तो म्हणाला, "हळू. काढेवाली चिडली की काचा तडकतात."

काढेवाली म्हणजे मी. लग्नाआधीपासून.

२७ फेब्रुवारी

किरणांचा शेक सुरू झाला, मशीनवरचा. रोज कामावरून परस्पर जातो. "तुझं औषध येईपर्यंत दाबून ठेवायला," असं सांगतो. गालाची कातडी काळवंडलीय. जेवण पातळ. मी वाटून देते, तो चमच्याने उजव्या बाजूने घेतो. तिखटाचा थेंबही चालत नाही.

आणि विचारतो काय — आज किती मेल्या?

आज नव्वद टक्के मेल्या. सांगितलं नाही. त्याला जोर चढेल.

११ मार्च

प्रयोगशाळेचे सर खूश आहेत. मोठ्या डोसला एकही पेशी वाचत नाही. मोठ्या परिषदेत मला बोलायला पाठवणार. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले. हेच दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर नाचले असते.

एक खरं लिहू का? आज बशी बघताना मलाही क्षणभर वाटलं — काय सांगावं, लागू पडलंच तर? त्याला नावं ठेवते, आणि मी तरी कोण मोठी शहाणी!

२० मार्च

दुपारी खाली काचकामात गेले. ज्योत पेटलेली, हा नुसताच बसलेला. रबरी नळी मांडीवर. गालात हवाच राहत नाही म्हणाला. कडेने निसटते. लाळही.

मग त्यानेच नळी माझ्यापुढे धरली. "तू फुंक. मी फिरवतो."

मला कुठलं जमायला! पहिल्या फुंकरीला काच फुग्यासारखी फुटली. दुसरीला एका अंगाने बाहेर आली. तो काच फिरवतोय, डोळे ज्योतीवर, आणि मला हुकूम — "हळू... अजून... थांब! घे श्वास... आता जरा... बस्!" शेवटी एक छोटा चंबू झाला. पोटाला वाकडा. टेबलावर ठेवला की कलतो. त्याने तो उजेडात धरून पाहिला. "तुझ्या तोंडासारखा झालाय, फुगलेला."

घरी आणलाय. खिडकीत ठेवलाय.

८ एप्रिल

चुकलं. सगळंच चुकलं!

परिषदेसाठी आकडे पुन्हा तपासत होते. पिवळी पूड पाण्यात विरघळत नाही, म्हणून स्पिरिटसारख्या एका द्रावकात विरघळवून थेंब टाकतो. मोठा डोस म्हणजे जास्त थेंब. बरोबर. आणि तुलनेसाठी एक बशी नुसत्या द्रावकाची ठेवतो, पूड नसलेली. तिच्यात मात्र मी कायम एकच थेंब टाकत आले! लहान डोसच्या वेळचा. पुढे डोस वाढवत गेले, ही बशी आहे तिथेच राहिली. इतकं साधं! पहिल्या वर्षाच्या पोरीलाही शिकवतो हे.

आज नुसत्या द्रावकाचे तेवढेच थेंब टाकून ठेवलेत. उद्या कळेल.

९ एप्रिल

मेल्या. सगळ्या. पुडीचा कणही नसताना.

पेशी माझ्या पाल्याने मरतच नव्हत्या. द्रावकाने मरत होत्या. मी म्हटलं होतं ना, फिनेल!

सरांना सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग "परिषदेला कळवतो" एवढंच म्हणाले. बिचारे. माझी इतकी वर्षं मातीत गेली. आणि मला काय वाटत होतं सांगू? आनंद! जिना उतरताना अक्षरशः उड्या मारत होते. आता त्याच्याकडे सबब उरली नाही!

घरी आल्या आल्या त्याच्यासमोर उभी राहिले. "संपलं तुझं औषध. निव्वळ स्पिरिट होतं. कळलं? आता गुपचूप ऑपरेशनला चल." वाटलं होतं खचेल. नाही. माझा हात धरून, हल्ली बोलतो तसं अर्ध्या तोंडाने, म्हणाला, "मग दुसरा पाला बघ."

हात झटकला मी. काय वाट्टेल ते बोलले. भित्रा म्हटलं. तुला मरायचंय, पण मी का बघत बसू, म्हटलं. मग म्हणाला, "बोलून झालं? आता जेव."

आणि जेवले मी. रागारागात चांगली जेवले.

१२ एप्रिल

वजन आणखी उतरलंय. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरते. मी आता त्याला विचारणार नाही. परस्पर जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन येते. समोर तारीख ठेवली की येईल मुकाट्याने.

१५ एप्रिल

सर्जनकडे जाऊन आले.

"कसली तारीख?" म्हणाले. मग मला बसवलं. गाठ पहिल्याच स्कॅनमध्ये मागे कवटीच्या तळापर्यंत गेलेली होती. कापून उपयोग नव्हता. ऑपरेशनचं कुणी कधी बोललंच नव्हतं. शेक फक्त दुखणं कमी व्हावं म्हणून. "बायकोला सांगू नका, तुमचे यजमान म्हणाले. भांडत राहिली तर जेवेल तरी, म्हणाले."

घरी आले. तो खिडकीशी बसला होता, तो कलता चंबू हातात. कुठे गेली होतीस, विचारलं.

"सर्जनकडे. तारीख मिळाली ऑपरेशनची. जरा लांबची आहे."

बघत राहिला माझ्याकडे. मीही नजर हलवली नाही. मग त्याने चंबू जागेवर ठेवला.

"चालेल. तोवर दुसरा पाला बघ."

बघते म्हटलं. आणि ताटं घेतली.