मन्नूबियाच्या पिशवीतली किल्ली

बिझर्त, रविवार, शाबान महिन्याची सात तारीख

आदरणीय लेल्ला जुबैदा यांस,

धाकटा चुलतभाऊ तिजानी याचा सलाम. तुमच्या गुडघ्यांना आराम असो, तुमचे यजमान सी हमादी यांची साखर ताब्यात असो (आणि त्यांचा हात बकलाव्याच्या डब्यापासून लांब असो), आणि ट्यूनिसची हवा तुम्हा दोघांना मानवो. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब आहे, पण तो जुनाच असल्यामुळे त्याला मी आजार म्हणत नाही.

तुम्ही तुमच्याकडची मन्नूबिया माझ्याकडे पाठवलीत, त्याला आता चार महिने झाले. ती कशी काम करते, असे तुम्ही मागे विचारले होते. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर लांब आहे.

सालिहा गेल्यानंतर दोन वर्षे मी घर स्वतः झाडत होतो. म्हणजे मधोमध झाडत होतो. कोपऱ्यांना मी पाहुण्यांसारखे वागवले, कधी त्रास दिला नाही. मन्नूबिया आली, तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि पहिल्याच दिवशी अकरा बादल्या पाणी ओतले. संध्याकाळी बैठकीच्या फरशीवर निळी फुले दिसू लागली. ती फरशी सालिहाने पसंत केली होती. मी बराच वेळ दारात उभा राहिलो, मग बूट काढून आत गेलो. तेव्हा कामाबद्दल म्हणाल, तर तक्रार नाही.

प्रश्न विश्वासाचा होता. तुम्हाला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षे बंदरावर कस्टममध्ये काढली. माणूस समोर आला की मी आधी त्याची पिशवी बघतो, मग तोंड. (सालिहाच्या माहेरची माणसे आमच्याकडे सामान घेऊन यायची हळूहळू बंदच झाली, ते यामुळेच.) मन्नूबिया कधी कधी उशिरा यायची आणि म्हणायची, "पूल उघडला होता, सी तिजानी." ती झर्झूनाला, म्हणजे कालव्यापलीकडे राहते आणि जहाज आले की पूल वर जातो, हे खरे. तरी मी बंदरावर जाऊन जुन्या सहकाऱ्यांकडून जहाजांच्या वेळा उतरवून आणल्या. प्रत्येक वेळी जहाज होते. समाधान वाटायला हवे होते, पण मला उलट शंका आली. इतकी खरी माणसे मी नोकरीत पाहिलेली नव्हती.

तिच्याकडे एक काळी पिशवी असते. ती ही पिशवी दाराशी खिळ्याला अडकवते. एका मंगळवारी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि मी पिशवी उघडली. (घरातले काहीही गेलेले नव्हते, हे येथे नमूद करतो.) आत अर्धी पोळी, घरात घालायच्या सपाता, कंगवा आणि रुमालात गुंडाळलेली एक किल्ली होती. किल्ली जुनी, लोखंडी, चांगली वीतभर लांब. ती मी उजेडात धरून पाहत होतो, एवढ्यात जिन्यावर पावले वाजली. पिशवी खिळ्यावर गेली, मी खुर्चीवर गेलो आणि किल्ली माझ्या खिशात गेली. पुढे दुपारभर मन्नूबिया पिशवीच्या आसपासच वावरत राहिली, किल्ली परत ठेवता आली नाही. मग ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती भिजल्यासारखी. तिने सांगितले, आदल्या संध्याकाळी तिची मुलगी शिवणकारखान्यातून परत आली, तेव्हा दोघी पावसात दाराबाहेर उभ्या. शेवटी शेजाऱ्याने पहार घालून कडी उचकटली, तर दार चौकटीसकट त्याच्या अंगावर आले. आता दाराच्या जागी लोकरीची गादी उभी केली होती.

"बसमध्ये कुणी तरी किल्ली मारली माझी," ती म्हणाली. "तुम्ही सरकारी माणूस. पोलिसांना अर्ज लिहून द्या."

लेल्ला जुबैदा, त्याच क्षणी सांगायला हवे होते. मी कागद घेतला.

"संशयिताचे वर्णन?" मी विचारले.

"ते मला काय ठाऊक? पण निर्लज्ज असणार, असं लिहा. गरिबाच्या घराची किल्ली चोरून करणार काय मेला? आत आहे काय, दोन पातेली आणि एक मांजर! डोक्यानंही कमीच असेल."

'संशयित निर्लज्ज व मंदबुद्धी असावा', असे मी सुवाच्य अक्षरांत लिहिले. खाली तिने अंगठा उठवला. अर्ज मी स्वतः चौकीवर देतो म्हणालो आणि टेबलाच्या खणात ठेवला. त्यानंतर रोज सकाळी ती विचारायची, "काय म्हणतात पोलीस?" मी म्हणायचो, "तपास चालू आहे." आणि ती मला दुवा द्यायची.

आता किल्ली लपवण्याचा प्रश्न होता. चांगली कामवाली असलेल्या घरात लपवायला जागा नसते, हे मला तेव्हा कळले. कॉफीच्या डब्यात ठेवली, तर तिने डबे घासायला काढले. पुस्तकांमागे ठेवली, तर तिने कपाट पुढे ओढले. ती एक पाऊल मागे आणि मी किल्ली घेऊन एक पाऊल पुढे, अशी आम्ही आठवडाभर घर फिरलो. शेवटी मी ती कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडू लागलो. गुरुवारी ऊन पडले. मी कोट घरी ठेवून न्हाव्याकडे गेलो.

परत आलो, तर टेबलावर किल्ली आणि तिच्याशेजारी अर्ज. वाचता येत नसले तरी स्वतःचा अंगठा माणूस ओळखतो.

"तपास लागला, सी तिजानी," ती म्हणाली.

किल्ली जिन्यात सापडली, असे मी सांगून पाहिले.

"कोटाच्या आत जिना आहे वाटतं?"

तिने विचारले, "काय शोधत होतात माझ्या पिशवीत?"

"काही नाही. सवय."

"एकतीस वर्षांत किती चोर सापडले तुम्हाला?"

आठवून मी म्हणालो, "चार."

"आणि बाकीच्यांचं काय केलंत?"

"जाऊ दिलं."

"मग मलाही जाऊ द्या." तिने पिशवी उचलली, टेबलावर माझ्यापुढे उलटी करून दाखवली, सगळे परत भरले आणि गेली. ओरडली असती तर बरे झाले असते.

याला दहा दिवस झाले. मी माझे माझे झाडतो आहे. यावेळी कोपरेही झाडतो. मला कोणाची गरज आहे असे नाही. कामवाली ही एक सोय आहे आणि सोयीशिवाय माणसे जगतात. सी हमादींना सलाम, मुलांना पापे.

तुमचा आज्ञाधारक
तिजानी

ता. क. : मी गेल्या मंगळवारी झर्झूनाला गेलो होतो. सोबत सुतार आणि नवे दार नेले होते. सुताराला मदतनीस नव्हता, म्हणून तीन तास दार मी धरून उभा होतो. शेजारची माणसे बघायला जमली होती. मन्नूबियाने सुताराला चहा दिला, त्यात बदामही घातले. मला नुसता चहा दिला, पण दिला. मग म्हणाली, "लेल्ला जुबैदा म्हणाल्या, माझा भाऊ सरळ माणूस आहे. त्यांच्या शब्दावर मी तुमच्या घरात आले. आता त्यांना तुम्हीच लिहा, सगळं. काही गाळू नका. एवढं वाचूनही त्यांनी शब्द दिला, तर बघू." म्हणून हे पत्र. एरवी मी इतके लांब लिहीत नाही, हे तुम्ही जाणताच.

ता. क. दुसरा : तेव्हा कृपा करून माझ्याबद्दल चार ओळींचे शिफारसपत्र पाठवावे. तिची मुलगी वाचून दाखवणार आहे, तेव्हा सोपे लिहा. 'प्रामाणिक' हा शब्द घालू नका, दोघी हसतील. 'सुधारण्यासारखा आहे' असे चालेल. रमजान तीन आठवड्यांवर आला आहे, झर्झूनाच्या पुलाअलीकडची तीन घरे तिच्यावर डोळा ठेवून आहेत आणि त्यातल्या एका घरात तर हाताखाली दोन सुना आहेत, म्हणजे तिथे तिला काम निम्मेच. पत्र तातडीच्या टपालाने टाका.

ता. क. तिसरा : मी पूर्वी असे काही केले होते का, हे ती विचारणार, असा माझा अंदाज आहे. तुम्ही नऊ वर्षांच्या असताना आजीचा सफरजल फळांच्या मुरंब्याचा बरणीभर साठा संपला होता आणि त्यासाठी तुम्हाला दोन दिवस तळघरात बसवले होते. तो मी खाल्ला होता. हे शिफारसपत्रात लिहू नये, ही विनंती.