सायलीचा कॉम्प्युटर कुठे ठेवायचा

सोम., ६ एप्रिल
रॅमसाठी दोन स्लॉट आहेत. लॅमिंग्टन रोडच्या जिग्नेशभाईंनी दुपारी दुकानातून फोन करून खात्री दिली. म्हणजे सायलीचा कॉम्प्युटर ठरला. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, प्रोसेसर आत बसवलेला. रॅम आणि डिस्क आपण घालायची. बेअरबोन म्हणतात त्याला. आज एक रॅम, जमेल तेव्हा दुसरी. सध्या रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे हेच शहाणपणाचं. टोकन पाठवून दिलं.

जागाही ठरली. टीव्हीच्या वरची फळी, टेप लावून पाहिली, आरामात बसते. चाळीत जागा आधी ठरते, वस्तू मग. आपला फ्रिजसुद्धा दाराच्या मापाचा.

नीता : "सरळ लॅपटॉप घे ना, हप्त्यांवर."
लॅपटॉप घेतला तेवढाच राहतो. हा वाढवता येईल. पोरगी आता नववीत जाईल, बारावीपर्यंत तरी पुरला पाहिजे. मध्येच दुसरा घेणं होणार नाही.

मंगळ., ७ एप्रिल
सायलीचा शेवटचा पेपर झाला. घरी आल्या आल्या मोबाइलवरची होडी दाखवली. शाळेतली मैत्रीण कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहते. तिच्या वडिलांच्या होडीचे फोटो काढून ही थ्रीडीत बांधतेय. फळ्या, इंजिन, दोरखंड, सगळं आहे. जाळं घातलं की मोबाइल गोठतो.

दादरच्या क्लासात मे महिन्यात याच विषयाचा कोर्स आहे. घरी स्वतःचं मशीन असेल तरच प्रवेश. सोमवार, २० तारखेपर्यंत कळवायचं. चित्रकलेच्या बाईंनी तिचं नाव सुचवलंय, हे पोरीनं आज सांगितलं. दोन आठवडे पोटात ठेवलं होतं.

मग पेटीचा फोटो मोठा करकरून पाहिला. "बाबा, यात ग्राफिक्स कार्ड कुठे बसणार?"
म्हटलं, बसेल. वाढवता येतो म्हणालेत.
"काय काय वाढवता येतं?"
हे मी विचारलं नव्हतं.

गुरु., ९ एप्रिल
पेपरच्या डेस्कवर जाण्याआधी जिग्नेशभाईंकडे. सायली सोबत.
"साहेब, रॅम बढेगा, डिस्क बढेगा. कार्ड का किसने बोला?"
बरोबर आहे त्यांचं. कोणी बोललं नव्हतं. नव्या पोरानं अशी बातमी आणली असती तर मी परत पाठवली असती : वाढेल म्हणजे काय वाढेल? इथे फळीचं माप आधी घेतलं आणि त्या मापात बसेल ते सगळं मला चांगलं दिसायला लागलं.

दुसरा पर्याय : उभं कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड. हेही बेअरबोनच. प्रोसेसर वेगळा घ्यायचा, स्क्रीनवर चित्र दिसण्यापुरती सोय त्यातच असते, तेव्हा सुरुवातीला कार्डाशिवाय चालेल. पुढे कार्ड घातलं तर पॉवर सप्लाय पुरेल का, हे सायलीनं विचारलं. मग रॅमचे स्लॉट किती, तेही. चार. बरं वाटलं.

टोकन याच्यावर वळतं केलं. जि.भाई पुढच्या शनिवारपर्यंत ठेवतील. स्क्रीन सध्या घरचा टीव्ही.

निवड झाली. यात आता शंका नाही. प्रश्न जागेचा.

शनि., ११ एप्रिल
हे कॅबिनेट गुडघ्याच्या वर येतं. फळीवर नाही. दिवाणाखाली गाद्या, आणि तिथे हवा नाही. मोरीजवळ पाणी. दाराशी चपला. उरते खिडकीखालची जमीन.

तिथे आई झोपते. खिडकीकडे उशी, गेली कित्येक वर्षं. बाबा मिलमधून रात्रपाळी करून यायचे, तेव्हा दिवसा तिथे तेच झोपत. ते गेल्यावर ती जागा आईची झाली. तिला कोणी दिली नाही, तिनं मागितलीही नाही.

सायली म्हणाली, "नको मग. छोटाच घेऊ." लगेच म्हणाली. इतकं लगेच की मला आवडलं नाही.

रवि., १२ एप्रिल
वर्तमानपत्रात बातम्या येण्याआधी पानाची डमी लागते. कुठे काय बसेल ते रिकाम्या पानावरच कळतं. घरातही तेच करायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पुठ्ठ्याचं खोकं आणलं, सायलीनं कॅबिनेटच्या मापाचं कापून चिकटवलं, वजनाला आत जुने अंक. खिडकीखाली उभं केलं.

आई भायखळ्याहून भाजी घेऊन आली.
"ह्यां खोकां माझ्या उशाक कोणी ठेवल्यान?"
सायली : "आजी, इथे कॉम्प्युटर येईल. सध्या नुसतं बघतोय."
"आत काय आसा?"
"काही नाही."
"मगे आजपासून अडवन कित्याक?"
सायलीनं समजावलं, त्याला दोन्ही बाजूंनी हवा लागते, गरम होतो.
"मगे माका काय होता?"
मी पिशवीतली मेथी निवडायला घेतली.

मंगळ., १४ एप्रिल
जयंती. गल्लीत निळे झेंडे, ढोल, संध्याकाळपर्यंत पोरं रस्त्यावर. समोरच्या चाळीतल्या कांबळेकाकू लाडू घेऊन आल्या. खोकं पाहून म्हणाल्या, "नवीन काय घेतलंत?"
आई : "माका सवत हाडल्यानी."
काकू हसून हसून खोक्यावरच बसल्या. एक कोपरा चेपला. सायलीनं आतून पट्टी लावली.

आई हल्ली भिंतीला चिकटून झोपते. तक्रार नाही. सकाळी मान चोळत होती.

बुध., १५ एप्रिल
नीता हॉस्पिटलातून उशिरा आली. ती तिथे लॅबमध्ये आहे, नमुना हातात आल्याशिवाय बोलत नाही. आज बोलली.
"आईंना विचारलंस का तू? की नुसतं खोकं ठेवलंस?"
"डमी आहे. अडचण असेल तर सांगेल ती."
"तुमच्या ऑफिसात पानाला विचारत नसतील. ही माणूस आहे."

पटलं. डमीनं माप कळतं, आणि ते कळलं : खिडकी अर्धी उरते, पाय लांब होतात, पण वारा अंगावर येत नाही. बाकीचं विचारावंच लागतं. उद्या सुट्टी आहे.

गुरु., १६ एप्रिल
सकाळी चहाबरोबर विचारलं. सगळं सांगितलं. क्लास, २० तारीख, लहान पेटी का नको, ही एकच वस्तू तिला कॉलेजपर्यंत न्यायची आहे. आणि जागा तुझी आहे, तू नाही म्हणालीस तर नाही.

आईनं बशी खाली ठेवली. मग सायलीला हाक मारली. "होडी दाखय."
सायलीनं मोबाइल धरला. आईनं होडी नीट पाहिली. माहेर आचऱ्याचं, होड्या पाहतच वाढलेली.
"ह्येका जाळां खंय?"
"मोबाइलवर बसत नाही आजी."
"आणि त्या मोठ्या खोक्यात बसतला?"
"हो."
"नक्की? का बापाशीसारख्या, इचारल्याशिवाय?"
सायली हसली नाही. "मी दुकानात विचारलंय, आजी."

दुपारी आईनं अंथरूण घातलं ते उलटं. पाय खिडकीकडे, डोकं कपाटाकडे. पडून पाहिलं. उठली. टेबलफॅन कुठे पोचतो ते पाहिलं. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो.

शुक्र., १७ एप्रिल
आईचा निकाल रात्री जेवताना आला. अटी दोन. साडेसात ते नऊ टीव्ही तिचा, मग कोर्स असो की काही. ही सायलीनं लगेच मान्य केली. दुसरी : मशीन आलं की चालू ठेवायचं, आणि ती त्याच्या शेजारी झोपणार. "एक रात निजान बघतंय. मगे सांगतंय." मशीनच्या आतल्या पंख्याची घरघर सोसली तर मशीन राहील, नाहीतर परत.

जि.भाईंना फोन केला. आठवड्याच्या आत परत घेतील, मशीनचं खोकं आणि आतले थर्माकोल धड असले तर. सायलीनं कात्री लपवून ठेवली आहे, कोणी घाईत फाडू नये म्हणून.

मला स्वतःला वाटतं, राहील. नवं कॅबिनेट फारसा आवाज करत नाही. पण हे मी आईला सांगितलं नाही.

उद्या अकराला दुकान उघडेल. मी आणि सायली जाऊ, टॅक्सीनं आणू. जोडणी तीच करणार आहे. झोपायला आई नेहमीसारखी दहाला आडवी होईल. रविवारी सकाळी कळेल, आणि सोमवारी दादरला कळवायचंय.