अर्धाच तास

नाहा, ४ मे १९८९

चि. सौ. मित्सुए हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तू बाळंतपणाला माहेरी यावंस असं मी लिहिलं होतं, ते आता विसर. विमानाच्या वेळांचा कागद आणला. तैपेईहून दीडला निघालं की नाहाला चारला पोचतं. आठव्या महिन्यात अडीच तास आभाळात? नको गं बाई. इथून मात्र बाराला निघून साडेबाराला तिकडे. तिकडे जाताना वारा पाठीशी असणार, दुसरं काय.

लढाईत आपल्या बेटावर विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हापासून विमानाचा नुसता आवाज आला तरी मी घरात पळते, हे तू जाणतेस. पण गेल्या वर्षी तुझं बाळ गेलं तेव्हा मी जवळ नव्हते, ते मनातून जात नाही. अर्धा तास डोळे मिटून काढीन. अर्धाच आहे ना, तेवढं कळव. तू म्हणालीस तरच बसेन.

तुझी आई

तैपेई, १३ मे

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

हो आई, अर्धाच तास. चहा संपेतो उतरशील.

मी मजेत आहे. तू माहेरचा हट्ट सोडलास हे ऐकून सासूबाई खूश झाल्या. लेक माहेरी बाळंत झाली तर माहेरची बरकत जाते, असं त्या म्हणतात, म्हणजे काळजी तुझीच. बाळंतपणात मला रस्सा पाजायला त्यांनी कोंबड्या पाळल्यात. रोज सकाळी त्या मला आणि कोंबड्यांना एकाच नजरेने न्याहाळतात. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. तू उगाच काळजी करू नकोस. येताना काळी साखर आण. नाही आणलीस तरी चालेल, पण ये.

तुझ्या मायेची भुकेली,
मित्सुए

नाहा, २० मे

चि. सौ. मित्सुए हिस आशीर्वाद.

जूनचं तिकीट काढलं, तेव्हा दुकानातली मुलगी मला हसली. म्हणाली, मावशी, वाऱ्याचं काही नाही, तैपेईचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे चालतं. जाताना दीड तास आणि येतानाही दीडच.

चार वर्षं त्याच घड्याळावर जगतेस, तुला हे ठाऊक नसेल होय? दुकानातून निघाले ती तणतणतच. आईला फसवतेस म्हणजे काय! पण घराच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबले. लहानपणी मीठ सांडलं तरी तू आपणहून सांगायचीस. ती पोर आईशी खोटं बोलली, म्हणजे किती घाबरली असेल. वेडे, तसं सरळ लिहायचंस.

तशीच मागे फिरले आणि जूनचं तिकीट बदलून परवाचं घेतलं. तुझ्या सासूबाईंना सांग, विहीण लवकर येतेय, रागावू नका. भीती वाटतेच आहे, ती काही जायची नाही. तिला घेऊनच बसेन.

हे पत्र आणि मी, जे आधी पोचेल त्याला दार उघड.

तुझी आई