नाव घातलेला डबा

नांदेड, ४ डिसेंबर १९९८

चि. वैजनाथ यास, सिंधुआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर तुझं पत्र नाही. मेसमधल्या पोरांनी तुलाच वरणात घालून खाल्लं असावं असं समजून लिहिते आहे.

इकडे शिशुगृहाच्या फाटकात आम्ही पाळणा टांगला. जिला बाळ सांभाळणं शक्य नाही तिनं ते काट्याकुट्यात टाकू नये, या पाळण्यात ठेवावं, घंटीची दोरी ओढावी आणि निघून जावं. कुणी बघणार नाही, कुणी नाव विचारणार नाही. भूकंपानंतर छावणीतली लेकरं सांभाळायला आले ती मी याच कामात राहिले, पण इतकं शहाणपणाचं काही आमच्या हातून पहिल्यांदाच झालं. आणि त्याची गत काय झाली बघ! गल्लीतल्या बायकांना वाटलं, हा नवसाचा पाळणा. रोज कुणीतरी येतं, नारळ आणि हिरवा खण ठेवतं, झोका देतं आणि देवळातल्यासारखी घंटी बडवून जातं. मी दर वेळी दुपटं घेऊन धावते आणि नारळ उचलून आणते. आमची स्वयंपाकीण साखराबाई मात्र खूश आहे. ती म्हणते, चालू द्या की नवस, खोबऱ्याची चटणी तर होऊन राहिली.

वर्षाराणीला आशीर्वाद. लोभ निदान पत्र टाकण्याइतका तरी असू दे.

तुझी
सिंधुआक्का


लातूर, ११ डिसेंबर

ती. सिंधुआक्का हिस, वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

कुणी बघणार नाही, हे वाचून मी आणि तुझी भावजय वर्षाराणी पोट धरून हसलो. आमच्या लग्नात आहेराचं एकेक भांडं पालथं करून कुणी काय दिलं ते नावासकट वाचणारी तू! सगळा मांडव तुला भांडीवाली आक्का म्हणत होता. अशा बाईला न बघण्याच्या कामावर ठेवणारी तुमची संस्था धन्य आहे.

मेस जोरात आहे. मेडिकलला कुणाचा नंबर लागला की गावोगावचे आईबाप आपापली लेकरं लातुरात आणून सोडतात. देवणीचा गुरुबसप्पा तर घास तोंडात घेऊन सूत्रं पाठ करतो. परवा भातावर वरण समजून ताक घेतलं आणि त्याला ते कळलंही नाही. सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येकावर नाव घालून घेतलं आहे.

आता हसणं बाजूला ठेवतो. एक मुलगी आहे. कोण, ते विचारू नको. सज्ञान आहे, दिवस भरत आले आहेत. घरी कळलं तर शिक्षण सुटेलच, पण जिवाचंही खरं नाही. तिनं नीट विचार करून बाळ तुमच्याकडे द्यायचं ठरवलं आहे. वर्षाराणी तिला दवाखान्यात नेते. पाळण्याचं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की खरंच कुणी बघत नाही का. तुझ्या नवसाच्या बायका तिथं दिसल्या तर ती आल्या पावली फिरेल, आणि मग काय करील या विचारानं मला झोप नाही. आक्का, त्या बायकांना हलव. फोन करू नको, एसटीडीवाला सिद्धेश्वर अर्ध्या लातूरचं बोलणं ऐकतो.

धाकट्यावर लोभ आहेच, तो या वेळी जरा जास्त लागेल.

तुझा
वैजनाथ


नांदेड, १६ डिसेंबर

चि. वैजनाथ यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारत नाही. जिभेला फोड यायची वेळ आली आहे, पण विचारत नाही.

बायकांना हाकललं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट येतात. म्हणून मी चौकातल्या पिंपळाखाली दुसरा पाळणा टांगला, लाल रंगाचा, झालर लावलेला, आणि पहिला नारळ मीच ठेवला. पन्नाशीच्या सिंधुबाईनं नवस केला म्हणून गल्लीभर बोभाटा! हसायचं तेवढं हसून घे, पण गर्दी सगळी तिकडं गेली. आमचा पाळणा मागच्या बोळात नेला. तिथल्या खिडकीच्या काचांना मी स्वतः काळा रंग दिला, कारण माझी मलाच खात्री नाही.

बाळंतपण दवाखान्यातच होऊ द्या. आणि तिला सांग, बाळ लगेच कुणाला दत्तक देत नाहीत. मन बदललं तर तिनं यावं, कुणी रागावणार नाही.

तिच्या वाट्याचाही लोभ माझ्याकडे आहे, हे तिला कळू दे.

तुझी
सिंधुआक्का


लातूर, ८ जानेवारी १९९९

ती. सिंधुआक्का हिस, शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी वर्षाराणी जीप करून अर्धापूरला केळी आणायला येते आहे. सोबत कुणी असेल. नांदेडवरूनच जाईल, पण तुझ्याकडे चहाला थांबणार नाही. राग मानू नको. लोभ ठेव.

तुझा
वैजनाथ


नांदेड, २० जानेवारी

चि. वैजनाथ यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर्षाराणी केळी घेऊन सुखरूप पोचली असेल. चहाला थांबली नाही, पण मी रागावले नाही.

मंगळवारी दिवेलागणीला घंटी वाजली. एकदाच, हळू. नवसाची घंटी अशी वाजत नाही. मी बंद दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेरची पावलं बराच वेळ हललीच नाहीत. कुणीतरी रडत होतं, आणि मधे फक्त एक कडी होती. वैजा, ती कडी काढून तिला पोटाशी धरावं असं फार वाटलं रे! पण कुणी बघणार नाही एवढ्याच भरवशावर ती आली होती. मी तोंडात पदर कोंबला आणि पावलं दूर जाईपर्यंत हलले नाही.

पाळण्यात मुलगी होती, जांभया देत पडलेली. पायाशी स्टीलचा डबा, आत डिंकाचे लाडू. बाळंतिणीनं खायचे लाडू तिनं बाळ उचलणारीसाठी ठेवले होते. मी आणि साखराबाईनं ते रडत रडत खाल्ले.

आणि मग डब्यावरची अक्षरं माझ्या बोटाला लागली. तुझ्या मेसचा डबा, नाव घातलेला! तुम्ही दोघं एवढे हुशार, आणि हेच विसरलात? दुसऱ्या दिवशी बाळाची नोंद करायला माणसं येणार होती. मी डबा पदराखाली घेतला. आता नुसता दिव्यापाशी धरायचा अवकाश होता. तू मला ओळखतोस. मी तो डोळे मिटून घासला, डोळे मिटूनच वर्तमानपत्रात बांधला. आयुष्यात हे एकच भांडं मी न वाचता सोडलं आहे.

पण कुणाचा डबा रिकामा परत पाठवू नये. काल मुलीचं बारसं झालं. त्याच्या घुगऱ्या आत भरल्या आहेत. मलप्पा कंडक्टर हे पत्र आणि डबा आजच आणून देईल. जिचा आहे तिला दे, आणि घुगऱ्या ताज्या आहेत तोवर खा म्हणावं. लाडू गोड होते, आणि मुलगी पोटभर दूध पिते, एवढंही सांग.

लोभ सगळ्यांवर राहू दे.

तुझी
भांडीवाली आक्का